परतीबद्दल शंका

लोणार
१४ जानेवारी २०२४

नसीमाबाई,

सुभद्राचा तुमाले संक्रांतीचा नमस्कार. तिळगूळ पाकिटात घालता येत नाई. तुमच्या भाच्याची गाडी सरोवर पाहनारे पाहुने घेऊन इकडं आली का अकीलजवळच धाडीन.

तुमचं पत्र आलं अन् त्यातलं चित्रही. मी ते स्वयंपाकघराच्या भिंतीले लावलं. राखी म्हने, "आई, हा काय केक हाये का?" माझ्या सुनेचं चुकलं नाई, तसंच दिसते. गोल गाव, घरायवर लाल कवेलू, मधात देवळासारखा उंच मनोरा, अन् साऱ्या गावाले गोल भिंत. तुम्ही लिहिलं का हे जर्मनीतलं नॉर्डलिंगेन, आपल्या लोणारासारखाच वरून दगड पडून खड्डा झालेला, अन् गाव त्या खड्ड्याच्या आत बसेल हाये. वाचून मी पाटावर बसूनच राह्यली. आपन सारी उमर खड्ड्याच्या काठावर काढली. आत फक्त कमळजा देवी अन् मोर. अन् तिथं लोक आत घरं बांधून राह्यतात, लेकरं शाळेत जातात!

तुम्ही विचारलं, येता का म्हनून. बाई, तुम्ही आमच्या घरात भाड्यानं राह्यल्या तेवढी वर्सं दरसाल भूगोलाचा वर्ग घेऊन सरोवरात उतरल्या, अन् दरसाल मी मागून पिठलं-भाकरीचे डबे घेऊन आली. तुम्ही पोट्ट्यायले सांगत, मी ऐकत असो. मी तुमच्या वर्गाची सगळ्यात जुनी पोट्टी. मी नाई येईन तं कोन येईन?

गोपाल हसला. म्हने, "आई, एक खड्डा घरामागं हाये, दुसरा पाहाले जर्मनीले जातं?" मी म्हनलं, "म्हनूनच जातो." मंग त्यानंच पासपोर्टाचा फारम भरला. खोल्यांचं भाडं मी आजवर जपून ठेवलं, ते आता कामी येईन.

कान तसेच हायेत. फोन करू नका, मी नुसती हॅलो हॅलो करत बसतो. लिहा.

सुभद्रा


खामगाव
३ फेब्रुवारी २०२४

सुभद्राताई, सलाम.

तुमचा होकार वाचला आणि मी अन्वरच्या बायकोला हाक मारून तो मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या भावाला अजून वाटतं की मी थट्टा करते आहे. निवृत्त झाल्यावर बहीण आपल्या घरी स्वस्थ बसेल, कुराण वाचेल, लोणचं घालेल, असा त्याचा हिशेब होता.

आता कामाचं. व्हिसा म्हणजे त्यांच्या घरी पाहुणं म्हणून जाण्याची परवानगी, आणि तीही थोड्या दिवसांची. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात. कशाला येताय, कुठं उतरणार, आणि परत जाल कशावरून. पहिल्या दोन सोप्या आहेत. जून महिना ठरवू, तेव्हा तिथं उन्हाळा असतो आणि आपल्याला तो थंडीसारखा वाटेल. उतरण्याची जागा अकील मोबाईलवर पाहतो आहे. तिसऱ्यासाठी माझी पेन्शन आहे. तुमच्याकडून घराचा उतारा आणि शेताचा सातबारा लागेल, तुमच्या नावाचा.

एप्रिलमध्ये मुंबईला जाऊन अर्ज द्यावा लागेल, बोटांचे ठसे द्यावे लागतील. मी आधी लोणारला येईन, मग जालन्याहून रेल्वेनं सोबत जाऊ.

तुमची,
नसीमा


लोणार
१२ फेब्रुवारी २०२४

नसीमाबाई,

घर अन् वावर गोपालच्या नावानं हाये. त्याचे बाबा गेले तवा मीच म्हनलं, सारं तुझ्या नावानं करून घे, मी कुठं तहसीलीच्या पायऱ्या चढू. तलाठी, बँक, खताचं दुकान, सारं तोच पाह्यते. तं माझ्या नावाचा उतारा कुठून आनू?

पन गोपाल म्हनते काही अडचन नाई. तो लिहून देनार हाये का ही माझी आई, हिचा खर्च मी करीन, ही माझ्याच घरी राह्यते. त्याच्यावर सही शिक्का. त्यापेक्षा मोठा पुरावा कोनता लागते?

राखीनं माझ्यासाठी स्वेटर विनाले घेतला. छकुली शाळेतून आली का रोज मापाले माझ्या पाठीले लावून पाह्यते अन् आईले सांगते, अजून आजी उरली.

सुभद्रा


खामगाव
२१ एप्रिल २०२४

सुभद्राताई,

घरी पोहोचले. मुंबईची धूळ धुऊन टाकली, पण हसू काही जाईना. तुमची बोटं त्या काचेवर ठेवली आणि यंत्राला रेषाच सापडेनात! तो मुलगा परत परत पुसतोय, पुन्हा ठेवा म्हणतोय, आणि तुम्ही त्याला सांगताय, "बापू, सरपन तोडून, भांडी घासून गेल्या त्या, आता कुठून आनू." त्यानं ओला रुमाल दिला, तेव्हा कुठं तुम्ही यंत्राला दिसलात.

मी तेव्हा पलीकडच्या खिडकीवर होते. तुमच्या खिडकीतल्या मुलीनं काय काय विचारलं, ते गाडीत नीट बोलणं झालं नाही. तुम्हाला तिचं ऐकू आलं ना? मला तेवढीच काळजी आहे.

आता वाट पाहायची. पासपोर्ट घरपोच येतील. मी नकाशा काढला आहे. म्युनिकला विमानातून उतरायचं, तिथून रेल्वे, मध्ये एकदा बदलायची. सातवीच्या वर्गात मी युरोपचा नकाशा फळ्यावर न बघता काढत असे, आणि आता रेल्वे बदलायच्या गावाचं नाव पाठ करते आहे.

नसीमा


लोणार
९ मे २०२४

नसीमाबाई,

माझा पासपोर्ट आला. व्हिसा नाई आला.

सोबत एक कागद हाये. गोपालनं तो माझ्या कानापाशी मोठ्यानं वाचला, म्हनून शेजारच्या बेबीताईलेही समजला. त्यात बरीच कारनं छापेल हायेत अन् एकावर टिक केली. मुदत संपायच्या आंधी ही बाई आमचा देश सोडून जाईन का नाई, याची आमाले शंका हाये. मी म्हनलं, परत वाच. त्यानं परत वाचलं. तेच होतं.

आंधी मी हसली. बाई, मी काऊन राह्यीन तिथं? मले इथलीच भाषा ऐकू येत नाई, तिथली काय येईन? पहाटे कोनाच्या म्हशी पाहू? मंग मी मिरच्या खुडत बसली अन् डोळे भरून आले. राखीले मिरचीचं नाव सांगतलं.

तुम्ही विचारलं होतं ना, खिडकीतली पोरगी काय बोलली. ती चांगली होती, मराठीत बोलली. म्हने, घरी कोन? मी म्हनलं, लेक, सून, नात. घर कोनाचं? लेकाचं. शेती? लेकाची. मंग म्हने, तुम्ही काय करता? मले वाटलं, काय खाता विचारून राह्यली. मी म्हनलं, भाकर. ती हसली अन् कागदावर काहीतरी लिहिलं. मी खोटं काही सांगतलं नाई.

तुमचं काय झालं? तुमचा आला का?

सुभद्रा


खामगाव
१४ मे २०२४

सुभद्राताई,

मन खट्टू करू नका. माझाही तोच निकाल. दोघींनाही एकच उत्तर, म्हणजे त्यात तुमचा काही दोष नाही. तुमच्या भाकरीचाही नाही.

जाऊ द्या. पाऊस पडून गेल्यावर मी लोणारला येते. आपण आपल्याच सरोवराला चक्कर मारू.

नसीमा


लोणार
२६ मे २०२४

नसीमाबाई,

या पत्रात दोन गोष्टी हायेत. दुसरी तुमच्याबद्दल हाये, पन आंधी पहिली वाचा.

तो कागद मी फेकला नाई. रोज मनात येते का त्या लोकायले शंका काऊन आली? मंग मी घरात पाहाले लागली. लाइटचं बिल गोपालच्या नावानं. गॅस त्याच्याच नावानं. दारावरची पाटी आंधी याच्या बाबाची होती, पंजाबराव सानप, आता गोपाल सानप. ज्या खोल्यायचं भाडं मी घेतो त्या खोल्याही त्याच्याच. कोनी लबाडी केली नाई, बाई. मीच दिलं, खुशीनं दिलं. पन तिकडच्या मानसानं कागद पाह्यले अन् त्याले मी कुठं दिसलीच नाई. तो तरी काय करीन?

सकाळी चहा पेताना मी म्हनलं, "गोपाल, हे घर माझ्या नावानं करतं का?"

त्यानं कप खाली ठेवला. "काऊन? मी काय तुले घराबाहेर काढून राह्यलो? कोन भरलं तुझ्या कानात? नसीमाबाईनं?"

मी म्हनलं, "माझ्या कानात काही भरता येते का?"

राखीले हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. गोपाल नाई हसला. चहा तसाच टाकून खताच्या दुकानात गेला. तवापासून तो बोलते पन कामापुरतं. "जेवली का" अन् "गोळी घेतली का", एवढंच. घरात एवढं सामसूम कधी नव्हतं. मले ऐकू येत नाई तरी समजते.

आता दुसरी गोष्ट. काल अकील पुन्याचे पाहुने घेऊन आला होता. मी त्याले पानी दिलं. तो म्हने, "खाला, नसीमाफुफीचा व्हिसा तं केव्हाच आला. मंग ती टिकट रद्द कर म्हनून काऊन मागं लागली? तुमीच समजवा तिले."

मी काय बोलू त्याच्यापाशी? मी म्हनलं, समजवतो.

बाई, तुम्ही मले खोटं लिहिलं. माझी कीव आली म्हनून लिहिलं ना? मी तुमच्यापाशी रडली, कारन तुम्हीही माझ्यासोबत घरी बसल्या असं मले वाटलं होतं. आता ते रडनंही माझं एकटीचं झालं. अन् वरून हे पाहा, तुमच्यामागं ना लेकरू ना घरदार, तरी तो कागद म्हनते का तुम्ही परत येसान. माझं घर मानसायनं भरेल, अन् माझा भरोसा नाई. मले राग तुमचा नाई, पन कोनाचा हाये तेही समजत नाई.

तुमाले जा लागते. तारीख निघून गेली का तो व्हिसा निस्ता शिक्का हाये.

सुभद्रा


खामगाव
३१ मे २०२४

सुभद्राताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागावलात ते बरोबर आहे.

कीव आली म्हणून लिहिलं, असं तुम्हाला वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. खरी गोष्ट लहान आहे आणि लाजेची आहे. मला भीती वाटली. माझ्या पासपोर्टावर व्हिसा आला त्या दिवशी मी आनंदानं खुर्चीवरून उठले, आणि चार दिवसांनी तुमचा नकार वाचला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. होय, उतरलं. मनात आलं, आता जायला नको. तुमच्या नकाराच्या आडोशाला मला बसता येईल आणि कुणी मला भित्री म्हणणार नाही.

मी आयुष्यभर मुलांना नद्या, डोंगर, राजधान्या शिकवल्या. पण मी स्वतः कुठं गेले? नागपूर, हैदराबाद, आणि आता तुमच्याबरोबर मुंबई. त्या मोठ्या विमानतळावरून पुढं रेल्वे बदलताना माझी गाडी चुकली तर? पडले तर? कुणाला हाक मारू? तुम्ही सोबत असतात तर मला भीती वाटली नसती, हे विचित्र आहे, कारण तुम्हाला तर ऐकूही येत नाही. पण तुम्ही त्या खिडकीवर ज्या ताठ मानेनं "भाकर" म्हणालात, तशी मी कधीच म्हणू शकले नसते.

तिकीट अजून रद्द केलेलं नाही. अकीलनं मुद्दाम चालढकल केली. मी काय करू ते तुम्हीच सांगा.

नसीमा


लोणार
५ जून २०२४

नसीमाबाई,

जा. आनखी काय सांगू?

भीती वाटली का कोनाले तरी विचारा. म्हातारीले सारे वाट दाखवतात, तिकडचेही दाखवतीन. अन् माझी कामं घेऊन जा. तिथल्या लोकायच्या विहिरीचं पानी आपल्यासारखं खारट हाये का ते पाहा. तिथं तळं काऊन नाई ते विचारा. अन् खड्ड्यात राह्यनाऱ्या बाईले विचारा का तिले कसं वाटते. कोन्या शास्त्रज्ञाले नका विचारू, बाईलेच विचारा.

इकडचं सांगतो. आमचं भांडन मिटाले वावरात जा लागलं. घरात मी बहिरी, तो ओरडते, अन् सारी गल्ली ऐकते. म्हनून मी पेरनीआंधी वावर पाहाचं निमित्त करून त्याच्या मोटरसायकलवर बसली. बांधावर बसून म्हनलं, आता ओरड किती ओरडाचं ते.

तो म्हने, "आई, तुझा भरोसा उठला माझ्यावरून."

मी म्हनलं, "भरोसा नसता तं तुले मागितलंच नसतं. वकिलाकडं गेली असती."

तो ढेकळं फोडत बसला. मंग म्हने, "लोक काय म्हनतीन? म्हातारपनी आईले पोराकडून घर लिहून घ्या लागलं."

"लोकायले सांग, तिले जर्मनीले जाचं हाये."

तवा तो हसला, बाई. लहानपनी हसत असे तसा. मंग जरा वेळानं म्हने, "मले एवढंच वाटलं का तो कागद पाहून तुलेही खरंच तसं वाटाले लागलं. का इथं तुझं काही नाई." वाटलं होतं ना, खोटं कशाले बोलू. त्याच्या पाठीवरची माती तेवढी झटकली.

राखीनं विनलेला स्वेटर अकीलजवळ धाडून राह्यली. तो घालूनच जा. तुमाले ढिला होईन.

सुभद्रा


नॉर्डलिंगेन
१९ जून २०२४

सुभद्राताई,

मी इथं आहे. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच पुन्हा सांगावं लागतंय.

गाडी एकदा चुकली. रेल्वे बदलायच्या गावी मी चुकीच्या फलाटावर उभी राहिले आणि माझी गाडी समोरून निघून गेली. ज्या गोष्टीला मी घाबरत होते तीच झाली. आणि मग काय झालं? काही नाही. तासाभरानं दुसरी आली. मी बाकावर बसून तुमच्या सुनेचा स्वेटर घालून तुम्ही सोबत धाडलेल्या चकल्या खाल्ल्या.

आता तुमची कामं. पाणी गोड आहे, नळाचंच पितात. तळं पूर्वी होतं, तेही खारं होतं, पण लाखो वर्षांत गाळ साचून भरून गेलं. आता तिथं गहू आहे, बटाटे आहेत, गाई चरतात. खड्डा एवढा प्रचंड आहे की आत उभं राहिलं तर खड्डा दिसतच नाही. दूर क्षितिजाला टेकड्यांची निळी रेघ दिसते, तोच काठ. मी इथल्या संग्रहालयात शिरले नसते तर मलाही कळलं नसतं. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत येतं, तसं इथं नाही.

गावाच्या मनोऱ्याचा दगड त्या आघातातून झालेला आहे. त्यात काचेचे काळपट तुकडे दिसतात, आणि डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कणही आहेत म्हणतात. मी हात लावून पाहिला. खरखरीत, आपल्या जात्याच्या दगडासारखा.

बाईला विचारलं. मी उतरले आहे त्या घराची मालकीण माझ्याच वयाची आहे. तिला इंग्रजी थोडं येतं, मला थोडं येतं, म्हणजे आमचं जमतं. मी विचारलं, खड्ड्यात राहायला कसं वाटतं? तिनं आधी माझ्या कपात कॉफी ओतली. मग म्हणाली, लहानपणी इथं सगळे असंच समजत की हा जुना ज्वालामुखी आहे. पुढं शास्त्रज्ञ आले आणि म्हणाले, नाही, हे आकाशातून आलं. तिची आजी म्हणाली होती, आकाशातून येवो की खालून, बटाटे तर तेच आहेत ना! आम्ही दोघी खूप हसलो. मग मी तिला लोणारचं सांगितलं, कमळजा देवीचं, काठावरून अखंड वाहणाऱ्या धारेच्या पाण्याचं, आणि तुमचं. तुम्ही का आला नाहीत, तेही. ती एवढंच म्हणाली, "माझंही घर आधी नवऱ्याच्या नावावर होतं. मी मागितलं."

गावाच्या भिंतीवरून चालत सगळ्या गावाला फेरी घालता येते. वर लाकडी छप्पर आहे, वाट अरुंद आहे, दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. आज मी एकटीनं चालले.

नसीमा


लोणार
१७ जुलै २०२४

नसीमाबाई,

तुमचं पत्र मी घरात साऱ्यायले वाचून दाखवलं. बटाट्याचं ऐकून गोपाल म्हने, ती आजी बरोबर बोलली. राखी मात्र घर मागनाऱ्या बाईपाशी थांबली. म्हने, आई, ते पुन्हा वाचा.

काल घराचं बक्षीसपत्र झालं. मेहकरचे वकील होते, गोपालनंच बोलावले. सही कराआंधी त्यानं मले विचारलं, "आता वावराचंही करू?" मी राखीकडं पाह्यलं. ती दाराशी उभी होती, चहाचे कप घेऊन, जशी उभी राह्यते तशी. लग्न होऊन या घरात आली तवापासून तीही माझ्यासारखीच हाये, रेशनकार्डावर एक नाव अन् बस. मी म्हनलं, "वावरात माझं नको. राखीचं लाव."

गोपाल चाट पडला. वकील म्हने, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावाले सरकारचीच योजना हाये, तलाठ्याले अर्ज द्या. गोपालनं तिले विचारलं, "लावू का?" बाई, त्यानं तिले विचारलं. अन् ती काय बोलली माहीत हाये का? म्हने, "चहा थंडा होऊन राह्यला." अन् आत गेली. मी मागून गेली तं चुलीकडं तोंड करून उभी. मले ऐकू येत नाई, पन पाठ हालत होती.

नवा सातबारा आला का तुमाले लिहीन.

सुभद्रा


खामगाव
८ फेब्रुवारी २०२५

सुभद्राताई,

सातबाऱ्याची बातमी अकीलनं सांगितली. राखीनं त्याला चहा दिला आणि मग कागद दाखवला, आधी चहा, मग कागद, असं तो म्हणाला.

आता नवा अर्ज करा. या वेळी घराचा उतारा तुमच्या नावाचा असेल. पण मी पुन्हा येणार नाही, आणि कारण भीतीचं नाही. मी पाहून आले. तुम्ही राखीला घेऊन जा. तिला इंग्रजी वाचता येतं, मोबाईल चालवता येतो, आणि पायांत जोर आहे. गोपाल आणि छकुलीचं जेवणखाण कोण पाहील असं म्हणाल, तर मी पाहीन. माझी जुनी खोली मोकळी करून ठेवा. भाडं द्यायचं की नाही ते घरमालकिणीनं ठरवावं.

गोपालला सांगा, माझी भाजी तिखट असते.

नसीमा


लोणार
१६ मे २०२५

नसीमाबाई,

आला. दोघींचाही आला. राखीनं पासपोर्ट उघडून पाह्यला अन् म्हने, फोटो चांगला नाई आला माझा.

खोली झाडून ठेवली. या.

सुभद्रा


नॉर्डलिंगेन
१२ जून २०२५

नसीमाबाई,

माझ्या घरात बसून तुम्ही हे पत्र वाचून राह्यल्या असान. तुमची इथली घरमालकीन भेटली. तिनं मले मिठी मारली अन् काहीतरी बोलली, मले समजलं नाई, अन् ऐकू आलं असतं तरी समजलं नसतं. राखी म्हने, ती तुमाले विचारून राह्यली का तुमचं खारं तळं आनलं नाई का. मी म्हनलं, पिशवीत मावलं नाई. राखीनं ते इंग्रजीत सांगतलं. माझी सून इंग्रजीत बोलते, बाई! गाडीत तिनं तिकीटवाल्यालेही विचारलं, बरोबर जागी उतरवलं. एकदाही गाडी चुकली नाई, तुमाले सांगून ठेवतो.

आज भिंतीवर चाललो. तुम्ही लिहिलं तसंच, वर छप्पर, खाली लाकूड, एका बाजूनं लोकायच्या परसबागा दिसतात, कपडे वाळत टाकेल, कोबी लावेल. वाट एका मानसापुरती.

मी सवयीनं पुढं निघाली. थोडं चालली अन् गुडघा धरला, म्हनून बाजूले सरकून थांबली. राखीही थांबली. मी हातानं खुनावलं, जा तू. ती नाई म्हनत होती. मी पुन्हा म्हनलं, जा.

मंग ती गेली. लग्न होऊन आली तवापासून ती माझ्या मागं चालली. बाजारात मागं, देवळात मागं, वावरात मागं. आज पहिल्यांदा मले तिची पाठ दिसली. ती आंधी हळू चालली, जशी घरात चालते तशी. मंग वळनावर गेली अन् पावलं वाढली. पदर खांद्यावरून सुटला, तिनं तो उचलला नाई. हात हलवत चालत होती. अर्ध्यात थांबली, कोन्या झरोक्यातून बाहेर वाकून पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. मंग माझ्याकडं वळली अन् तोंड मोठं उघडून काहीतरी ओरडली.

मले ऐकू नाई आलं. पन ओठ वाचता येतात मले.

"आई, या ना लवकर," ती म्हनत होती.

सुभद्रा